शनिवारचे पाहुणे

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली होती, म्हणून मी हळदीकुंकवाची डबी खिशात घालून शूटिंग क्लबात गेलो. घरी लॅपटॉप, सायकल आणि बायकोचा मिक्सर अशा सगळ्यांना कुंकू लावून झालं होतं. म्हटलं, खरंखुरं शस्त्र समोर असताना त्यालाच का वगळा? टेबलावर एअर रायफल आडवी ठेवलेली होती. काका पलीकडच्या भिंतीशी कागदी लक्ष्यं बदलत होते. मी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि रायफलकडे हात नेला.

"हात पाठीमागे!"

आवाज असा आला की कुंकू माझ्याच शर्टावर सांडलं. शेजारी दोन डच आज्या उभ्या होत्या. मराठीचं अक्षर कळत नसताना त्यांनीही हात पाठीमागे घेतले.

काका सावकाश चालत आले. "मी समोर होतो की नाही?"

"होतात."

"समोर माणूस असताना बंदुकीला हात लावायचा नाही. पूजेलासुद्धा नाही. देवीला चालेल एक वेळ, मला नाही चालणार." मग त्यांनी रायफल उघडली, आत काही नाही हे मला वाकवून दाखवलं, आणि म्हणाले, "हं, आता लाव. थोडंच लाव, क्लबची आहे."

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. तुमच्याही गावात असे एक काका असतील. नव्याने आलेल्यांना जुनी सायकल कुठे मिळते, गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात कोणते कागद न्यायचे, हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, प्रत्येक दुखण्यावर पॅरासिटॅमॉल सांगितलं तरी त्याच्याशी भांडायचं कसं, हे सगळं सांगणारे. आमचे काका त्याशिवाय बंदूक कशी धरायची तेही शिकवत. एकेकाळी ते कंपनीत माझ्या पुढच्या टेबलाशी बसायचे. निवृत्त झाले, आणि पाठोपाठ काकू गेल्या. मुलगा कॅनडात. उरला तो हा क्लब, आणि क्लबातही शनिवार.

शनिवारी पाहुण्यांना परवानगी असे. इथे हौस आली म्हणून कोणाच्या हाती बंदूक येत नाही. सभासदाने सोबत आणायचं, दारात ओळखपत्र दाखवायचं, आणि त्या पाहुण्याची सगळी जबाबदारी त्या सभासदाची. बाकीचे सभासद हे टाळत. काका त्यासाठी आठवडाभर थांबत. दंडावर देखरेखवाल्याचा नारिंगी पट्टा चढवला की त्यांची पाठसुद्धा सरळ होई.

घरंच्या घरं येत. एनस्खेडेच्या विद्यापीठात पीएचडी करणारी पोरं त्यांना भेटायला आलेल्या आईवडिलांना आणत. चिन्मय या नातवासोबत आलेल्या पुण्याच्या एका आजींनी नऊवारी नेसून असा नेम धरला होता की आजोबा दिवसभर त्यांच्याशी जपून बोलत होते. काकांची पद्धत प्रत्येकाला तीच. आधी गोळी न घालता नुसती बंदूक धरायची. नळी कायम भिंतीकडे. बोट घोड्याच्या बाहेर, दांड्याला लागून. "बोटाला वाटतं आपण मालक आहोत," ते म्हणत, "त्याला सांगायचं, तू भाडेकरू, बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

आणि डोकी मोजणं. नेम धरायला परवानगी देण्याआधी काका प्रत्येकाकडे वळून बघत आणि मोठ्याने नाव घेत. "आजी मागे. आजोबा मागे. चिन्मय मागे. रस्ता मोकळा!" मगच पुढचं. क्लबातल्या डच लोकांचं एका शब्दात भागत असे. त्यांना ही आमची आरती वाटायची.

माझ्या बायकोला, मेघाला, हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. "आपल्याकडे टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा मी घरात येऊ दिलं नव्हतं," ती म्हणायची. ते खरंच आहे. माझा सगळा पूर्वानुभव म्हणजे जत्रेतले फुगे, आणि त्यांतलाही फुटलेला एखादा. पण आमची सई, तेव्हा पंधरा-सोळाची, हट्टाला पेटली. शेवटी मेघा म्हणाली, "मी येते बरोबर. मला बघू दे तरी तुम्ही काय करता ते."

काकांनी तिला बरोबर ओळखलं. "मेघा, तू घाबरतेस ना? उत्तम. न घाबरणाऱ्या माणसाला मी बंदूक देत नाही. म्हणून तर तुझ्या नवऱ्याला इतके दिवस लटकवत ठेवलं." तासाभरात मेघा शांतपणे श्वास सोडत कागदाच्या जवळजवळ मध्यावर छर्रे मारत होती. सईचेही लागत होते. माझे कुठे जात होते ते भिंतीलाच ठाऊक. आम्ही परत परत जाऊ लागलो. मलाही वाटायला लागलं की आपल्या घरात शनिवार नावाची काही गोष्ट आहे.

आता जे सांगायचं ते सांगताना मला हसता येत नाही.

खुणा आधीपासून दिसत होत्या. काका सायकल सुपरमार्केटच्या दारात ठेवून चालत घरी येत आणि चोरीला गेली म्हणून मला फोन करत. तोच किस्सा कॉफीच्या एका कपात दोनदा सांगत. आम्ही हसायचो. तेही हसायचे. "वय झालं रे," म्हणायचे, की मी म्हणायचो, "काका, मी तर तिशीतच चाव्या विसरायला लागलो." अशा गोष्टीवर विनोद करता आला की ती गोष्ट टळली असं आपल्याला वाटतं, नाही का?

तो शनिवार मार्चमधला होता, बाहेर वारा आणि गारा. रेंजवर आम्ही तिघं आणि काका एवढेच. सईने तिचा कागद संपवला होता. "काका, आय विल चेंज इट," म्हणाली, आणि काकांनी मान डोलावली. ती पलीकडच्या भिंतीशी गेली. माझ्या रायफलमध्ये छर्रा भरलेला होता आणि ती टेबलावर होती. नियमाप्रमाणे ती आधी रिकामी करायला हवी होती, पण काका काही बोलले नाहीत, आणि ते काही बोलले नाहीत म्हणजे ठीकच असणार, असा माझा हिशेब.

काका वळले. माझ्याकडे पाहिलं, मेघाकडे पाहिलं.

"आई मागे. बाबा मागे. रस्ता मोकळा!"

त्यांच्या आवाजात काहीच वेगळं नव्हतं. मी रायफल उचलली. खोटं कशाला बोलू, उचलली. माझी मान खाली होती, मी गाल लाकडाला टेकवायच्या बेतात होतो.

"सई!"

मेघाची किंचाळी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. तिने माझ्या रायफलची नळी तळहाताने खाली दाबली होती. माझं बोट बाहेरच होतं, आणि यात माझी सावधगिरी किती आणि सुस्ती किती हे मी तपासायला जात नाही.

भिंतीशी सई वळली. हातात नवा कागद. "मम? वॉट?"

"इकडे ये. कडेकडेने ये. ये."

मेघाने सईचं नाव ऐकलंच नव्हतं. मोजणीत एक नाव कमी पडलं, आणि आईला तेवढं पुरलं. माझ्यासारख्या बापाला आदेश पुरला.

क्लबाच्या कॉफीच्या टेबलाशी आम्ही बसलो. सई मोबाइल काढून बसली होती, पण बघत नव्हती. काकांनी हातातला कप बशीत ठेवला.

"मी काय म्हणालो?"

मी सांगितलं.

"नाही. मी तिचं नाव घेतलं. मी कायम घेतो."

"काका," मेघा म्हणाली, "नाही घेतलंत."

ते तिच्याकडे बघत राहिले. खोटं बोलत असेल तर पकडावं अशा नजरेने. मग ती नजर खाली गेली. "ती गेलेली मला आठवतच नाही गं," ते म्हणाले. "आत्ताही आठवत नाही."

गारा खिडकीवर आपटत होत्या. मग ते माझ्याकडे वळले, आवाज खाली आणून. "हे बघ, पुढच्या शनिवारी डीमन गावाहून मंडळी येताहेत. तिथल्या एका मुलीचे सासू-सासरे आलेत साताऱ्याहून, त्यांना मी शब्द दिलाय. तेवढा एक शनिवार होऊ दे. मग मी स्वतः अध्यक्षांना सांगतो. हा पट्टा गेला की मी इथे येऊन करू काय, सांग ना. नुसती कॉफी पिऊ?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, मला माहीत नाही. मी म्हणालो, "बघू या ना, काका."

मेघा म्हणाली, "नाही."

"मेघा, अगं, एकच..."

"त्यांच्यातलंपण कोणीतरी समोर जाईल, काका. आत्ता सांगायचं. तुम्ही एकटे नाही, मी येते बरोबर. आणि मी एकटीही जाणार नाही. तुमच्या पाठीमागे जाऊन सांगितलं असं व्हायला नको."

अध्यक्षांची खोली काचेची होती. मी आणि सई बाहेर बसून बघत होतो. अध्यक्ष म्हणजे एक उंच, अबोल डच म्हातारा. मेघा तिच्या कामचलाऊ डचमध्ये बोलत होती, मध्येच हात भिंतीच्या दिशेने करून दाखवत होती. काका शाळेतल्या मुलासारखे उभे होते. मग अध्यक्षांनी काहीतरी म्हटलं आणि काकांनी दंडावरचा नारिंगी पट्टा काढायला घेतला. तो जाड स्वेटरवर अडकला. ते ओढत राहिले. शेवटी मेघाने दुसऱ्या बाजूने धरला आणि दोघांनी मिळून तो खाली उतरवला.

"पपा," सई म्हणाली, "इज ही इन ट्रबल बिकॉज ऑफ मी?"

"नाही गं, बाळा," मी म्हणालो. 

त्यानंतर सगळं रीतसर झालं. हाउसआर्ट्सने पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. मुलगा कॅनडाहून येऊन गेला. काकांची स्वतःची एक रायफल होती, तीही त्यांनी सोडून दिली. आता सकाळी एक बाई येऊन गोळ्या देऊन जाते. औषधाच्या. मंडळींपैकी आम्ही आळीपाळीने डबा नेतो. मला ते अजून ओळखतात. कधी कधी माझ्या जुन्या टेबलाबद्दल विचारतात, त्या खिडकीशेजारच्या, आणि मी अजून तिथेच बसतो असं सांगतो.

पण शुक्रवार आला की त्यांचा फोन येतो. नेमका जेवायच्या वेळी, आणि मेघाच्याच नंबरवर.

पहिल्यांदा आला तेव्हा स्पीकर चालू होता. "मेघा, उद्या येताय ना? सईला म्हणावं बंद बूट घाल. सँडल चालणार नाहीत."

मेघाने हातातली पोळी ताटात ठेवली. "काका, आता आपल्याला पाहुणे नेता येत नाहीत. आठवतं ना, अध्यक्षांशी बोललो आपण?"

"कधी?"

तिने सांगितलं. पूर्ण सांगितलं, एकही वाक्य न गाळता. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"सई होती समोर?"

"हो, काका."

"आणि मी म्हणालो रस्ता मोकळा?"

"हो."

"अरे देवा," ते म्हणाले. मग, "लागलं नाही ना गं तिला?"

पुढच्या शुक्रवारी फोन पुन्हा आला. बंद बूट, सँडल नाहीत. मेघाने पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच श्वास, तेच अरे देवा, तेच लागलं नाही ना. सईने ताटावरून उठून फोन हातात घेतला आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, मी ठीक आहे. मी ठीक आहे." ते रडत होते हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

तिसऱ्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी मेघाकडे बघितलं. म्हटलं, मी घेऊ का? तिने नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःच उचलला.

"मेघा, उद्या येताय ना?"

"उद्या रेंज बंद आहे, काका," ती म्हणाली. "छताचं काम काढलंय म्हणे."

"होय का? मला कोणी बोललं नाही. बरं, बरं. मग पुढच्या शनिवारी. सईला म्हणावं..."

"बंद बूट घालायला सांगते."

"शहाणी," काका म्हणाले, आणि खुशीत फोन ठेवला.

सई आईकडे टक लावून बघत होती. मीही. या घरात खरं काय ते तोंडावर सांगणारी हीच, याची आम्हाला सवय. मेघाने वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"काय बघता?" ती म्हणाली. "त्यांना खरं सांगायचं होतं, ते मी सांगितलं. दर शुक्रवारी नाही सांगणार."