माहेरी बोलकं, सासरी मुकं

ऑफिसात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत, आणि नाडी बघायची ती मशीनची. कुणी नवा प्रोग्रॅम टाकायला घेतला आणि तो अर्ध्यावर रुसून बसला, काल गुण्यागोविंदाने नांदणारी दोन साधनं आज एकमेकांशी बोलेनाशी झाली, किंवा आपल्या टेबलावर छान चालणाऱ्या कामाने गिऱ्हाइकाकडे जाऊन लोळण घेतली, की बुवांना हाक जायची. बुवा चहाचा कप हातात घेऊनच यायचे, शेजारची खुर्ची ओढायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "बदललं काय?"

"काहीच नाही!" समोरचा छातीवर हात ठेवून सांगायचा.

इतकी वर्षं हेच उत्तर ऐकून बुवांना त्याचा राग येत नसे. उलट बरं वाटे. लोकांनी खरं सांगायला सुरुवात केली तर आपल्याला घरी बसावं लागेल, असं ते म्हणत. साहेब व्हायची त्यांना हौस नव्हती. दोनदा विचारणा झाली, दोनदा त्यांनी ती हसून टाळली. अडलेलं गाडं हललं की समोरच्याचा चेहरा दाढदुखी थांबल्यासारखा होतो, तो बघण्यात त्यांना जे सुख होतं ते मीटिंगमध्ये बसून मिळणार नव्हतं. माणूस सुखी होता, आणि आपण सुखी आहोत हे त्याला ठाऊकही होतं. असे लोक फार नसतात.

बुवांची बायको न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिथे तिला सगळे बाई म्हणत. या मुलांना ऐकू येई, समजेही, पण शब्द तोंडातून बाहेर पडत नसे. मुलं चित्रांची कार्डं दाखवून हवं-नको सांगत. कार्डं हरवत, फाटत, आणि काही तर चक्क चघळली जात. शेवटी बाईंनी घरच्या वैद्यालाच कामाला लावलं.

"अहो, पडद्यावर चित्र दाबलं की शब्द ऐकू यायला हवा. एवढंच."

"एवढंच" म्हणून आलेलं काम कधीच एवढंच नसतं हे बुवांना ठाऊक होतं, पण बायकोला तसं सांगायची सोय नव्हती. रविवारमागून रविवार जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. बाईंनी कपाटात डोकं घालून, कपड्यांच्या उबेत आवाज भरले. आई, पाणी, हवं, नको, घर, पुन्हा. वर एक अटही घातली, "काही बिघडलं तर लाल चौकटी, टुंगटुंग आवाज, असलं काही आणायचं नाही हं. पोरं दचकतात." बुवांनी आज्ञा पाळली. आवाज सापडला नाही तर प्रोग्रॅमने गुपचूप बसावं, अशी व्यवस्था केली.

घाई होती ती चिऊसाठी. चिऊ शाळेतली सगळ्यात चुणचुणीत पोर. बाईंनी तिला दोन रविवारी घरी आणलं होतं, तेव्हा बुवांच्या लॅपटॉपवर तिने एकापुढे एक चित्रं दाबून शब्द जोडायला सुरुवात केली होती. पण तिची आई तिला लांबून आणायची, दोन बस बदलून, अर्धा दिवस मोडून. "बाई, पोर आनंदात असते हे दिसतंय मला," ती म्हणाली होती, "पण तेवढ्यासाठी किती दिवस ओढाताण करू? शनिवारी येऊन बघते. फरक दिसला नाही तर नाव काढते." बाईंनी त्या रात्री हे सगळं बुवांच्या कानावर घातलं. लॅपटॉप तर बुवांना ऑफिसात लागे, म्हणजे शनिवारच्या आत हे सगळं शाळेच्या मशीनवर चालायला हवं होतं.

शाळेचं मशीन कुणीतरी वापरून दिलेलं, म्हातारं. त्यावर प्रोग्रॅम टाकायला गेलं तर ते म्हणे, आधी माझ्यात हे घाला, मग ते घाला. शाळेत इंटरनेट नव्हतं. बुवांनी मशीन चादरीत गुंडाळून गाडीतून घरी आणलं, हवं ते सगळं खाऊ घातलं, आणि ते पोपटासारखं बोलायला लागलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते शाळेत नेलं आणि दुपारी फोन आला.

"चित्रं दिसतात, दाबली की उजळतात. पण आवाज नाही."

"स्पीकर बघ."

"बघितले. गाणी वाजतात. तुमचंच तेवढं मुकं आहे."

मशीन परत घरी आलं. बुवांनी जोडलं, दाबलं, आणि "पाणी!" असं खणखणीत उत्तर आलं. त्यांनी बटण अन् बटण तपासलं, सगळं पुसून नव्याने बसवलं. मशीन शाळेत गेलं आणि पुन्हा मुकं झालं. ही वरात आणखी एकदा निघाली. तिसऱ्यांदा चादर सोडताना बाई म्हणाल्या, "माहेरी बोलकं, सासरी मुकं! असं कसं हो तुमचं लेकरू?" बुवा हसले, पण उसनं. दुसऱ्याचं मशीन असतं तर त्यांनी मजेत चहा घेतला असता. इथे मात्र चिऊचं नाव शाळेतून निघणार होतं आणि त्याला आपण कारण होणार, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

शनिवारी सुट्टी काढून ते स्वतः मशीन घेऊन शाळेत गेले. वर्गात खालच्या उंचीची टेबलं, खिडकीत वाळत घातलेली एप्रन, कोपऱ्यात पाणी पिण्याचे रंगीत पेले. बुवा लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले आणि त्यांनी बटण दाबलं. चित्र उजळलं. आवाज नाही.

"काल संध्याकाळी तर बोलत होतं!" बुवा ओरडले. "तेच मशीन, तेच स्पीकर, तीच वायर. काहीच बदललेलं नाही!"

बाई पेले विसळत होत्या. त्यांनी मागे वळूनही न बघता म्हटलं, "घर बदललं की."

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला, तो असा जोरात की दोन मुलं बघायला आली. त्यांच्या घरात एक छोटा डबा होता, ज्यात फोटो, कागदपत्रं, सगळ्यांचं सगळं साठवलेलं असायचं, आणि घरातलं कुठलंही मशीन वायफायवरून त्यात हात घालू शकायचं. बाईंचे आवाज त्यांनी सुरुवातीला त्या डब्यात ठेवले होते आणि तिथेच विसरले होते. घरी आलेलं मशीन गुपचूप त्या डब्यातून आवाज आणायचं. शाळेत डबा कुठला? आणि सापडलं नाही तर तक्रार करू नकोस, अशी शिकवण तर बुवांनीच दिलेली. हीच चूक ऑफिसात कुणी केली असती तर बुवांनी ती आठवडाभर चवीने सांगितली असती.

"आता?" बाईंनी विचारलं. आवाज घरी होते, आणि चिऊची आई बसमध्ये.

"आता तू पुन्हा बोल. इथेच."

वर्ग काही कपाट नव्हे. बाई माइकपाशी तोंड नेऊन "आई" म्हणाल्या तेव्हा मागे कुणीतरी शिंकलं. "घर" भरताना खुर्ची सरकली. "नको" म्हणताना बाई स्वतःच कुणावर तरी डोळे वटारत होत्या, त्यामुळे तो जरा जास्तच ठाम निघाला. पुन्हा भरायला वेळ नव्हता. बुवांनी आवाज मशीनच्याच पोटात ठेवले, प्रोग्रॅमला तो पत्ता दिला, आणि घाम पुसून "पाणी" दाबलं. मशीन बोललं. बुवांना इतका आनंद झाला की त्यांनी ते उगाच चारदा दाबलं.

चिऊला घेऊन तिची आई आली ती दमलेली. पिशवी खांद्यावरून न काढताच दारात उभी राहिली, म्हणजे फार वेळ थांबायचा बेत नव्हता. बाईंनी तिला बसवलं. मशीनवर काय दाबायचं ते चिऊला काहीच सांगितलं नाही, फक्त खुर्ची पुढे केली.

चिऊने आईकडे बघितलं, खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. मग बोट उचललं.

"आई," मशीन म्हणालं, शिंकेसकट.

आईचा हात तोंडावर गेला. बाईंनी काही बोलू नका, अशी खूण केली. चिऊ शोधत होती. तिला घाई नव्हती.

"घर." मग, जरा थांबून, बाईंच्या त्या डोळे वटारलेल्या आवाजात, "नको."

बुवांना वाटलं, झालं, आता चिऊच्या आईला वाईट वाटणार. एवढी राबणारी आई, आणि पोरीने पहिलं वाक्य बोलावं तर हे! त्यांनी घाबरून बायकोकडे बघितलं. बायको रडत होती आणि हसतही होती.

चिऊची आई खुर्चीतून उठून मुलीजवळ खाली बसली. "काय म्हणालीस? परत म्हण."

"नको," चिऊने दाबलं. आणि आईला नीट कळावं म्हणून आणखी एकदा, "नको."

"अगं बाई!" आई म्हणाली. "खायला काय, घालायला काय, जायचं कुठे, आजवर सगळं मीच ठरवत आले हिचं. हिला काय हवं ते विचारायचं कुणाला? आज पहिल्यांदा नाही म्हणाली मला." तिने खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली आणि चिऊचं बोट आपल्या मुठीत धरलं. "बरं बाई, घरी बसायचं नको तर नको. सोमवारी येऊ आपण."