लॉजिकचा तो धडा

आधीच सांगून ठेवते, मी या सदराची गिऱ्हाईक नाही. नवरा वाचतो, तोच मागे लागला म्हणून लिहितेय. भुतंखेतं, मुहूर्त, दृष्ट… यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं ते तेवढं सांगते.

मी एकोणचाळिसाव्या वर्षी बी.ए.ला प्रवेश घेतला. फिलॉसॉफी ऑनर्स. लग्नाआधी शिक्षण अर्धवट राहिलं होतं. नवरा बँकेत, तेव्हा कोलकात्यात पोस्टिंग. काही महिन्यांतच त्याची नागपूरला बदली झाली, मुलगी सई त्याच्याबरोबर गेली आणि मी डिग्री पुरी करायची म्हणून कॉलेजच्या आवारातल्या होस्टेलमध्ये राहिले. कॉलेजचं नाव देत नाही. दक्षिण कोलकाता, दुसरा मजला, पाण्याच्या फिल्टरशेजारची शेवटची खोली. एकटीची.

आजूबाजूला सगळ्या एकोणीस-वीसच्या मुली. मला मोठ्याने वाचल्याशिवाय काही कळत नाही, आणि इंग्लिश वाक्य वाचून झालं की मी स्वतःलाच मराठीत समजावते – "म्हणजे काय, तर…" हे भिंतीपलीकडे ऐकू जायचं. मुलींनी माझं नावच 'म्हणजेदी' ठेवलं. शेजारच्या खोलीतली पियाली तर माझी नक्कल इतकी छान करायची की मलाच हसू यायचं. पण त्या दोन-तीन शब्दांपलीकडे तिला मराठी येत नव्हतं. होस्टेलमध्ये कुणालाच येत नव्हतं.

आता इथली एक रीत सांगायला हवी. सरस्वतीपूजेच्या दिवशी विद्यार्थी पुस्तकाला हात लावत नाहीत. पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवायची, आणि त्या दिवशी वाचन बंद. आपल्याकडे वसंत पंचमीचं एवढं काही नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षी मी खुशाल मोठ्याने वाचत बसले होते. मुली धावत आल्या होत्या. वर्षभर चेष्टा झाली.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाचं मी सांगतेय, मला लॉजिकच्या पेपरात बॅक लागला होता. सई दहावीला. एकदा तिने फोनवर सरळ विचारलं, "आई, तुझी परीक्षा संपणार तरी कधी?" त्या रात्री मी ठरवलं की पुरे झालं. नवऱ्याला सांगितलं नाही, तो समजूत घालत बसला असता. नागपूरचं तिकीट काढलं, मुद्दाम पूजेच्या दिवसाचं. सगळ्या खाली देवीला अंजली द्यायला, म्हणजे फुलं वाहायला, गेल्या की निघायचं. निरोप घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती.

आदल्या संध्याकाळी पियाली आली आणि माझं लॉजिकचं पुस्तक देवीपुढे ठेवायला घेऊन गेली. ज्या विषयाची भीती, त्याचंच आधी ठेवायचं म्हणे. मी नेऊ दिलं. मला ते आता लागणार नव्हतं.

सकाळी खाली शंख वाजत होते, पिवळ्या साड्यांची गर्दी होती. मी गादी गुंडाळली, दारात मीच बसवून घेतलेलं, आत-बाहेर दोन्हीकडून लागणारं कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मागच्या गेटने बाहेर पडले. हावडा स्टेशनच्या न्यू कॉम्प्लेक्समध्ये बॅगेवर बसले होते, गाडी लागायची होती, तेवढ्यात पियालीचा फोन.

"दीदी, आज पढ़ते नहीं ना. बंद करो. सुपारदी भी सुन रही है." सुपारदी म्हणजे आमच्या होस्टेलच्या सुपरिंटेंडेंट.

मी म्हटलं, कोण वाचतंय? ती म्हणाली, तुम्हीच, आणखी कोण, इतका वेळ दार वाजवतोय. मला वाटलं थट्टा. मग तिने फोन दाराशी धरला.

माझाच आवाज होता. रेकॉर्डिंगमध्ये ऐकताना जरा परका वाटतो ना, तसा. "…म्हणजे काय, तर जे सिद्ध करायचंय तेच खोटं धरायचं. आणि बघायचं, पुढे काय होतं ते." मग थोडी शांतता. मग, "अच्छा… असं आहे होय." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि सगळं थांबलं.

मी घाबरले नाही. मला हेवा वाटला. त्या बाईला कळलं होतं.

गाडी लागली. मी बसले नाही. टॅक्सीने परत आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं, बाहेर पियाली आणि सुपारदी. माझ्या हातातली बॅग बघून दोघी दारापासून मागे सरकल्या. आत गादी गुंडाळलेलीच होती. पुस्तक खाली देवीच्या पायाशी, फुलांखाली. सुपारदी एवढंच म्हणाल्या, "खिचुडी खा लो पहले." मी खाल्ली. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. सईने दहावी माझ्याशिवाय दिली, हे ती अजून ऐकवते.

खरी गोष्ट एप्रिलमधली आहे. पूजेपर्यंत मी न उघडलेला एक धडा होता, तो एका दुपारी वाचत होते. मोठ्यानेच. "म्हणजे काय, तर जे सिद्ध करायचंय तेच खोटं धरायचं…" ते अचानक डोक्यात शिरलं. तोंडून "अच्छा… असं आहे होय" निघालं, पाणी प्यायला उठले, खुर्ची सरकली… आणि मी तिथेच थांबले. दाराबाहेर कुणी फोन धरून उभं असेल असं वाटून कडी काढायचा धीर होईना. शेवटी उघडलं. कुणी नव्हतं. फिल्टर ठिबकत होता.

मुलींचा चावटपणा? त्यांना मराठी येत नाही. रेकॉर्डिंग? न वाचलेल्या धड्याचं कसं असेल? पेपर सुटला, डिग्री मिळाली, पण हे काही सुटलं नाही. लॉजिक शिकूनही मला एकच प्रश्न मांडता येतो. मी त्या दिवशी गाडीत बसले असते, तर एप्रिलमध्ये तो धडा वाचला कुणी असता?