कुणाला विचारून दाखवलंत?

तलासरीजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांची खिचडी मीच शिजवते. तीन वर्षांपूर्वी मला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाले, डॉक्टरांनी तसा कागदही दिला. घरच्यांना आणि आमच्या सेविकाताईंना हे ठाऊक होतं. बाकी कुणाला सांगायची गरज नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात टीबीच्या पेशंटांची यादी कुणाच्या तरी हातून व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. नाव, गाव, मोबाइल नंबर, सगळं. दुसऱ्याच दिवशी डहाणूच्या एका यूट्यूब चॅनेलने ती ‘खळबळजनक’ म्हणून पानामागून पान दाखवली. आजारी कोण, बरं झालेलं कोण, कुणी पाहिलंच नाही.

सोमवारी खिचडीला चारच मुलं आली. एका मुलीची आई दारातूनच म्हणाली, "तू शिजवतेस तोवर नाय पाठवणार."

"थोडे दिवस घरी राहा," सेविकाताई म्हणाल्या. "लोक विसरतील."

"घरी बसले तर त्यांना खरंच वाटेल." मी पातेलं चढवलं.

मंगळवारी काम उरकून डहाणू गाठलं. चॅनेलचा पत्रकार तिशीतला, बोलायला नम्र. "ताई, यादी सरकारी आहे. आम्ही मनाचं काही घातलेलं नाही."

"कुणाला विचारून दाखवलंत? यादीतल्या एकाला तरी फोन केलात?"

त्याने मोबाइलवर यादी उघडली.

"आता करा. माझ्या नावापुढचा नंबर लावा."

त्याने लावला. फोन माझ्या हातात वाजला. त्याच्यासमोरच उचलून मी म्हटलं, "बोला. मला बरं होऊन दोन वर्षं झाली. एका फोनमध्ये कळलं असतं तुम्हाला."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "तुमची मुलाखत घेऊ? चेहरा दिसणार नाही."

"माझा आजार ही तुमची बातमी नाही. व्हिडिओ काढा."

काढेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

मुलं हळूहळू परत आली. यादी मात्र अजून फिरते. औषधं विकणारे कुठून कुठून फोन करतात. नवरा म्हणाला, नंबर बदल. मी का बदलू?

तालुक्याला लेखी तक्रार दिली, तेव्हा कारकून म्हणाला, "आजार कोणता तेही लिहा."

"साहेब, तेच तर बाहेर गेलंय. ते पुन्हा कागदावर येणार नाही."

त्याने अर्ज तसाच घेतला, पोचेवर शिक्का मारला. चौकशी चालू आहे म्हणतात. मी दर महिन्याला जाऊन विचारते.