कळंबच्या भाभीचा अर्ज

यवतमाळच्या कोर्टात मी वकिली सुरू केली ती शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून होणाऱ्या भांडणांवर. परकीय नागरिकांचा कायदा मी परीक्षेपुरताही नीट वाचला नव्हता. एक दिवस कळंबचा एक मोटारसायकल मेकॅनिक बायकोला घेऊन आला. आमच्या सिनिअरांनी त्यांचं दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांना माझ्या टेबलाकडे पाठवलं.

ती मूळची कराचीची. मामेभावाशी लग्न होऊन इकडे आली आणि इथलीच झाली. पासपोर्ट मात्र पाकिस्तानचाच राहिला. सारखी व्हिसाची मुदत वाढवायची, पोलिसांत हजेरी लावायची, कुठे जायचं तर आधी परवानगी काढायची. बोलायची मात्र शेजारणींसारखी अस्सल वऱ्हाडी. "वकीलसाहेब, घरवाला इथला, पोरगी इथली. मग मलेच काहून हजेरी?"

ते गेल्यावर सिनिअर म्हणाले, "कायले हे लचांड घेतलं बे? अशा केसेस जिल्ह्यात येतात किती?"

पण मी घेतलं. नागपूरला एका म्हाताऱ्या वकिलांकडे जाऊन बसलो, शिकलो. मग नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "भाभी, नागरिकत्वाच्या अर्जाच्या आधीचं सलग एक वर्ष देशाबाहेर जाता येणार नाही."

ते वर्ष सरत आलं असताना तिकडे तिची आई आजारी पडली.

"गेली तर काय होईन?" तिने विचारलं.

"वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजतील."

नवरा म्हणाला, "तू जाऊन ये. अर्ज मंग करू."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नाही. इतक्या वर्सानं इथवर आलो. अम्मी बरी होईन."

अम्मी बरी झाली नाही. नवऱ्याचा फोन आला तसा मी कळंबला गेलो. घरात बायका जमल्या होत्या. तिच्या हातात मोबाइल होता. कराचीहून भाऊ जनाजा दाखवत होता, आणि रेंज गेली की चित्र थांबायचं. मला पाहून ती दारापर्यंत आली. मला वाटलं, रडेल. तिने एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, आपलं वर्स तुटलं तं नाही ना?"

मी नाही म्हणालो.

नागरिकत्व मिळालं, पण बऱ्याच वर्षांनी. जुना पासपोर्ट जमा करावा लागला. ती माझ्यासाठी पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "आता अम्मीच्या कबरीवर जाऊन येतो."

"आता तुम्हाला पाकिस्तानचा व्हिसा लागेल, भाभी. आणि दोन्ही देशांचं बिनसल्यापासून तो कोणालाच मिळत नाही."

तिने पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला, उघडला नाही. नवऱ्याने तिचा हात धरून तिला उठवलं.

तिच्या केसनंतर माझं नाव झालं. महागाव, बाभुळगावहून लोक येऊ लागले. कोणाचा मुलगा आखातात अडकलेला, कोणाच्या मुलीचा शिक्षणाचा व्हिसा नाकारलेला. धुऱ्याची भांडणं आता माझ्याकडे येत नाहीत. सिनिअर गेले. त्यांची खुर्ची मी वापरतो.

भाभीचे अब्बा कराचीत अजून आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, फोनवर तिला ओरडून बोलावं लागतं. मधूनमधून तिचा नवरा दुकान बंद करून येतो, समोर बसतो आणि विचारतो, "खुलला का हो व्हिसा?"

त्याच्यासमोरच मी कॉम्प्युटरवर पुन्हा एकदा पाहतो.

"नाही," म्हणतो. "अजून नाही."