फोटोत गाणं कुठे?

पहूरच्या आमच्या वहीगायन मंडळाचं अनुदान आणखी वर्षभर चालू ठेवायचा अर्ज घेऊन जळगावला गेलो, की त्याच कारकुनाशी गाठ पडे. धुळ्याकडचा, चष्मा कपाळावर. अर्जातल्या चुकीवर पेन कधी चालवत नसे. पेन्सिलीनं हलकी खूण करी.

यंदा कार्यक्रमाचा फोटो पाहून तो थबकला. नवे फेटे बांधून आम्ही लग्नातल्यासारखे ओळीत उभे होतो. डफ, टाळ फोटोत नकोत म्हणून लांब ठेवलेले.

"नाना, यामा गानं कोठे शे?"

अर्जाचा शेवटचा दिवस होता. मंडळी जळगावातल्याच मेहरूणच्या कार्यक्रमासाठी सोबतच आलेली. त्यानं सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं, नवा फोटो काढायला आपला मोबाइल रोखला. आम्ही गायलो.

गाणं संपलं. पाहतो तर मोबाइल खिशात आणि पेन्सिल अजून कठड्यावर ताल धरतेय.

"फोटो काढाना राही गया, नाना," तो ओशाळला. "परत म्हना."