आईचं कन्फेशन

आईला कन्फेशन करायचं होतं आणि ऐकायला फादर मिळत नव्हते. आमच्या चर्चचे फादर डेंग्यूनं दवाखान्यात. दुसरे शिरोळकडं, आणि तिकडचा रस्ता पुराच्या पाण्यानं बंद. हाताशी होता तो एकच फादर, माझा धाकटा भाऊ. महिन्यातनं एकदा आईला भेटायला यायचा, तसा आला आणि पाण्यामुळं कोल्हापुरातच अडकला.

आईचं हृदय पार थकलेलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. कैक वर्षं तिचं हगणं-मुतणं मीच काढत होते. खोटं कशाला बोलू, माझाही जीव विटला होता. आणि तिला एकच घोर, मनातलं सांगून मोकळं झाल्याशिवाय जायचं नाही. त्या घोरात अन्नालाही शिवेना.

भाऊ म्हणाला, मी ऐकतो. तिनं तोंड फिरवलं. तो फादर झाला, त्याला गुरुदीक्षा मिळाली, त्या दिवशी आईनं त्याच्या पवित्र तेल लावलेल्या तळहातांचं चुंबन घेतलं होतं आणि तेव्हापासून पोटच्या पोराला ‘अहो फादर’ म्हणायला लागली. मला मात्र ‘ए भवाने’. एवढा मान द्यायची, पण त्याच्यापुढं पाप सांगणं तिला जड जात होतं. कन्फेशनमधलं फादरनं कुणाला सांगायचं नसतं, मरेपर्यंत पोटात ठेवायचं. माझी घाण पोरानं जन्मभर का वागवावी, असं तिचं म्हणणं.

ह्यातच दोन दिवस गेले. शेवटी एका दुपारी तो तिच्या खाटेशी खाली बसला.

“आई, गावाची वझी उचलतोय मी. तुझं तेवढं जड व्हईल व्हय मला?”

मला हसू आलं आणि रागही. गावाची ओझी उचलतो म्हणे! आईला एकदा कुशीवर वळवलं असतंस तर मीच तुझ्या पाया पडले असते की. पण आई त्याच्याकडं बघत राहिली आणि मग मला हातानंच बाहेर जा म्हणाली. एवढं सगळं मी केलं आणि दार माझ्याच तोंडावर. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी रडून घेतलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आत गेले तर आई म्हणाली, प्रायश्चित्त म्हणून एकदा ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणायची आहे. म्हणायला लागली, पण दम पुरेना. निम्म्यात अडकली आणि फुडचं तू म्हण म्हणून खुणावलं.

पुढची ओळ नेमकी क्षमेची. आम्ही दुसऱ्यांना करतो तशी तू आम्हांला कर. भाऊ दारात उभा. माझी जीभच उचलेना. आई माझ्या तोंडाकडं बघत होती, तिची सुटका माझ्यापाशी येऊन अडली होती. म्हटलं मी. मनापासून नाही, दमून म्हटलं. देवाची दया मोठी म्हणतात, तर दमलेल्या बाईची प्रार्थनाही चालवून घेत असेल.

त्यावर आईनं दोन चमचे पेज घेतली. भावानं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि पड जा जरा म्हणाला. पाठ टेकली आणि मेल्यागत झोपले.

उठले तेव्हा दिवस मावळत होता. आई गेलेली. भावानं तिचे केस विंचरून, अंगावर धुतलेली चादर घातली होती. मी त्याच्या अंगावरच धावून गेले. आई जाते आणि तू मला हाकही मारत नाहीस? इतकी वर्षं मी काढली ती कुणासाठी?

तो खाटेवरून उठलाही नाही.

“तुला उठवायलाच निघालोतो. तिनंच हात धरला. म्हणाली, दमलीया ती. झोपू दे तिला.”