खंड्याच्या खुब्याचा फोटो

महायुद्धाच्या काळात आमच्या डॉग प्लाटूनला डोंगरी सरावासाठी वेल्ह्याला पाठवलं. तोरण्याच्या पायथ्याशी तंबू पडले. मी हवालदार, गाव वरवे बुद्रुक. माझ्या हाताखालचा नाईक धोंडिबा वेल्ह्याचाच, त्याचं घर तर कॅम्पातून दिसायचं. तरी रजेशिवाय त्याला तिकडं जाता येत नसे.

धोंडिबाकडं रेक्स नावाचा अल्सेशियन होता. तो त्याला खंड्या म्हणायचा. खंड्याचा बाप सुलतान हा प्लाटूनचा पैदाशीचा कुत्रा. त्याच्या खुब्यांचा एक्स-रे पुण्याला काढला होता, तो साफ निघाला. त्या भरवशावर त्याची पिल्लं सगळ्या सेक्शनांना दिली गेली. पिल्लू असताना खंड्याचाही फोटो काढला होता. तोही साफ.

रोज सकाळी पी.टी., मग कुत्र्यांचं खरारा-पाणी, मग चढ. थोड्याच दिवसांत धोंडिबा माझ्याकडं आला.

"खंड्या मागचे दोनी पाय एकदम उचलतोय, सशावानी. बसला की उठाया येळ लावतोय. ह्याला चढावर न्यायाचं न्हाई, हवालदार."

मी दोघांना व्हेटरनरी कॅप्टनकडं नेलं. कॅप्टन भोरचे, मितभाषी. त्यांनी खंड्याला उताणं पाडून मागचे पाय ताणले. कुत्रा कळवळला.

"खुब्याची वाटी उथळ असावी," ते म्हणाले. "फोटो काढला तेव्हा हा पिल्लू होता. त्या वयात दोष दिसतोच असं नाही. शिवाय भूल दिली नव्हती. पाय वाकडे राहिले तर फोटो फसवतो."

खंड्याला सरावातून काढा, असं त्यांनी कॅम्प चालवणाऱ्या मेजरसाहेबांना सांगितलं. पण एकाला काढलं तर सुलतानच्या सगळ्याच पिल्लांवर शंका आली असती.

"प्लेट इज क्लिअर," जुन्या फोटोवर बोट ठेवून मेजर म्हणाले. "डॉग इज फिट."

शेवटचा सराव खऱ्या दारूगोळ्याचा होता. कुत्र्यांसह गस्तीच्या तुकडीनं वर जायचं, शत्रूची जागा हेरायची आणि लाल निशाणामागं परतायचं. मग त्या उतारावर मॉर्टरचे तोफगोळे पडणार. वर जाताना खंड्या चांगला चालला. परतताना धोंडिबा सगळ्यात मागं होता.

निशाणापाशी मी माणसं मोजली. एक कमी. वर पाहिलं तर कातळावर खंड्या बसला होता. मागचे पाय पसरलेले. धोंडिबा त्याला खांद्यावर घ्यायला वाकला होता.

"धोंडिबा, कुत्रा सोड. खाली ये."

"आलो, आलो."

मी सिग्नलरला वळून सांगितलं. तो वायरलेसवर बोलू लागला.

"फायर थांबवा. आमचा माणूस आत आहे. ओव्हर."

"पुन्हा सांगा. ओव्हर," पलीकडून आलं.

त्यानं पुन्हा सांगितलं. तोवर पहिला गोळा पडला होता. फायर थांबला तो तिसऱ्यानंतर.

धोंडिबा कुत्र्यावर पालथा पडला होता. खंड्याला ओरखडाही नव्हता.

धोंडिबाचे वडील धावत आले. सगळे त्यांना आबा म्हणत. गोळ्यांचा आवाज त्यांनी शेतात ऐकला होता. ते लेकाच्या बुटांची माती तेवढी हातानं पुसत राहिले.

कॅप्टननी खंड्याला पुण्याला नेलं, भूल दिली, पाय सरळ बांधले आणि नवा फोटो काढला. मला तो उजेडाला धरून दाखवला. दोन्ही वाट्या थाळीसारख्या उथळ, मांडीच्या हाडांचे गोळे निम्मे बाहेर. सुलतानचाही पुन्हा काढला. तो याही वेळी साफच आला.

"मग हे कसं, साहेब?"

"बापाचा खुबा बघून पोरांची हमी देता येत नाही. प्रत्येक पिल्लू वाढल्यावर तपासायला हवं. भावंडंही. तेव्हा कुठं काही कळेल."

मेजरसाहेबांनी ऐकून घेतलं. सुलतानची पैदास चालूच राहिली. खंड्याला मात्र गोळी घातली.

लढाई संपल्यावर परिसरातल्या कामी आलेल्या जवानांच्या नावांचा दगड बसवला. त्यावर धोंडिबा नव्हता. तो सरावात गेला, लढाईत नाही, असं कारण मिळालं. आबा मला बाजारात भेटले.

"सरकारचंच काम करत व्हता न्हवं त्यो?"

"व्हय, आबा."

"मंग नाव का न्हाई?"

नाईक धोंडिबा, राहणार वेल्हे. दगडावर नाही, म्हणून इथं लिहिलं.